शेठच्या जिवाला धोका

आनंदाशेठने बुधाला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं तेव्हा त्याची बायको पारू बांधावर बसून पोरीला, रियाला, पाजत होती. बुधा शेठबरोबर याआधी पुष्कळदा गेला होता, पण टेम्पोच्या हौद्यात, खताच्या गोणींवर नाहीतर सळयांच्या भाऱ्यावर. आज शेठने आतून हात लांब करून दरवाजा उघडून दिला. आत पाय ठेवण्याआधी बुधाने चपला काढल्या. गाडी वळली, धूळ उडाली आणि चपला रस्त्यावर उन्हात तशाच राहिल्या.

वैशाख होता. भाताच्या रोपांसाठी भाजायच्या राबावर पाला पसरायचा अजून अर्धा बाकी होता. पारूने पोरीला झाडाच्या झोळीत घातलं, चपला उचलून झोळीखाली ठेवल्या आणि एकटीच पाला ओढायला लागली. राब भाजायचा तो दोघांनी. एकाने पेटवायचा, दुसऱ्याने ओल्या टहाळ्याने कडा मारत फिरायचं, नाहीतर जाळ शेजारच्या माळावर जातो. पाला पसरून झाला तरी बुधा आला नाही. दूध भरून पोलकं ओलं झालं, पोरीने दोनदा झोळी ओली केली. ऊन उतरल्यावर तो आला. चालत, अनवाणी, हातात वडापावची पुडी.

"कुठं नेलवता?"

"चौकीवर."

पारूचा हात पुडीवरच थांबला.

"भिऊ नको. काय झालं नाय. शेठला बंदूक घ्यायची हाय. लायसनची."

"मग तू कशाला?"

"बंदूक अशीच नाय मिलत. जिवाला धोका पायजे. वरचा साहेब इचारतो, तुला भ्याव कुणाचं? मग माणसाचं नाव सांगाय लागतं."

"तुजं सांगितलं?"

"हां." बुधा हसला. "मी बोललो, शेठ, तुमचे भाऊबंद हायत, त्या खडीवाल्याशी तुमची भांडणं हायत, त्यांची नावं घाला. तर शेठ बोलला, बुध्या, त्यांची नावं घातली तर ते खरंच मारतील."

पारू हसली नाही. बुधाने मग सगळं सांगितलं. शेठने तक्रार दिली होती की कामावरून बोललो म्हणून गडी बुधा याने अंगावर कोयता उगारला, तुला सोडणार नाही म्हणाला. बुधाने जबाब दिला की हो, रागाच्या भरात उगारला. तुळशीराम हवालदाराने विचारलं, कोणता कोयता? बुधाच्या कमरेला मागे लाकडी आकडी असते, तिच्यात कोयता अडकवलेला असतो; तो सकाळी लावतो तो झोपतानाच काढतो. त्याने काढून दाखवला. हवालदाराने बोटाने धार बघितली आणि पट्टीने लांबी मोजून लिहिली.

"हवालदार बोलला, चांगला ठेवलास."

"आन तुला बरं वाटलं."

"एनसी हाय ती. एनसी म्हंजे नुसती वहीत नोंद, बाकी काय नाय. शेठ पावसाआधी पत्रे देतो बोलला घरावर."

"काय नाय तर अंगठा कशाला घेतला?"

बुधाने अंगठा बघितला. निळी शाई नखाच्या कडेला बसली होती. त्याच अंगठ्याने त्याने पोरीच्या हनुवटीला हात लावला. पारूने पदर थुंकीने ओला केला आणि हनुवटी पुसली. मग दोघांनी राब पेटवला. वारा सरळ होता, कडा नीट राहिल्या.

पत्रे आले ते शेठच्या गोठ्यावरचे उतरवलेले. सहा पत्रे, प्रत्येकाला खिळ्यांची जुनी भोकं. पारूने डांबराच्या गोळ्या उन्हात मऊ करून भोकं बुजवली. मृगात त्यातली निम्मी पुन्हा गळायला लागली. पुढे लावणीचे दिवस आले. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून संध्याकाळी ती घरात भांडी मांडायची, थेंबांखाली एकेक, आणि रिया त्या टिपटिपकडे मान वळवून बघत राहायची. पोरीला तो आवाज आवडायचा.

श्रावणात एक पोलीस वाडीवर आला. बुधा माणूस कसा आहे, एवढंच त्याला लिहायचं होतं. शेठचा निरोप आधीच येऊन गेला होता की तापट सांगा.

"तापट?" म्हातारा काशिराम म्हणाला. "कोंबडी कापताना डोळे मिटतो तो."

"तसं नाय लिहिता येत, बाबा."

"मग तुमाला येतं तसं ल्ह्या."

वाडीतली माणसं हसली आणि सगळ्यांनी बुधा तापट असल्याचं सांगितलं. त्या दिवसापासून त्याचं नावच पडलं. ए धोका, तंबाखू हाय काय. धोका आला, वाट सोडा. बुधाही हसायचा. पण भात निसवल्यावर करंजाडेच्या बाजूला एका बंगल्याच्या आवारातलं गवत कापायचं काम निघालं, तिथे वाडीतली चार माणसं घेतली आणि बुधाला ठेवलं नाही. मालकाने फाटकातूनच विचारलं होतं, तो पोलीस केसवाला कोण तुमच्यात? आणि चौघांनी त्याच्याकडे बघितलं होतं. बघायला नको होतं, पण माणूस सवयीने बघतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठच्या ओट्यावर हत्यारांची पूजा असायची. दरवर्षी नांगराचा फाळ, विळे, कुदळ, जेसीबीची किल्ली आणि त्यांच्या कडेला बुधाचा कोयता. त्याला झेंडूचं एक फूल मिळायचं. यंदा पाटावर लाल कापड होतं आणि कापडावर रिव्हॉल्व्हर. काळं, आखूड, तेलाने चकाकणारं, एखादं जनावर पोट भरून पडलेलं असावं तसं.

बुधा कोयता घेऊन पुढे झाला.

"तो तिकडं ठेव, पायरीखाली," शेठ म्हणाला. "दोघं एका पाटावर नको. ह्याच्यापासून वाचायला ती घेतलीय." आणि पाहुण्यांकडे बघून हसला. तोंडातला तंबाखू ओठांच्या कोपऱ्यात आला होता.

शेठची बायको वेणूकाकी ओवाळायला पुढे आली नाही. ती चुलीपाशी पुऱ्या लाटत होती. पारू तिच्या शेजारी पीठ मळत होती.

"माज्या साड्यांच्या कपाटात ठेवतात ती," वेणूकाकी हळूच म्हणाली. "दार उघडलं का तेलाचा वास. सांगते, देवाशपथ दुसरीकडं ठेवा, तर बोलतात, बायकांच्या कपाटात चोर हात घालत नाय."

"कुणाच्या भ्यावानं घेतली, काकी?"

वेणूकाकीने तिच्याकडे बघितलं आणि पुरी तेलात सोडली.

बाहेर शेठने रियाला उचललं होतं. नऊ महिन्यांची पोर कुणाकडेही जायची. त्याने तिची मूठ उघडली, तिचा पंजा रिव्हॉल्व्हरच्या काळ्या मुठीवर ठेवला आणि मुलाला हाक मारली, "भावेश, काढ फोटो. धोक्याची पोर बंदूक धरते."

पारू पिठाच्या हातांनी धावली. तिने पोरीला ओढूनच घेतलं. शेठला राग आला नाही, तो हसत होता. मोरीवर नेऊन पारूने तो इवलासा पंजा राखेने घासला, पाण्याने धुतला, पुन्हा घासला. रियाने तोवर मूठ तोंडात घातलीच होती. संध्याकाळी पाजताना पोरीच्या तोंडाला दुधाच्या वासात तो दुसरा वास होता, यंत्राचा. पारू तिला छातीशी धरून बसली आणि स्वतःचीच छाती तिला घाण वाटायला लागली.

मार्गशीर्ष संपता संपता वालाच्या शेंगा भरल्या. शेठने शेतावर पोपटी लावली. दिवस मावळायला आला होता. पोपटीचं मडकं बुधानेच भरायचं हे ठरलेलं होतं. भांबुर्ड्याचा पाला तळाला, मग शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती जाळ. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे. ते कसे वाजतात त्यावर ओळखायचं. हे बुधाएवढं कुणाला कळत नव्हतं.

चार पाहुणे खुर्च्यांवर होते. पारू केळीची पानं पुसत होती, रिया तिच्या कडेवर. भावेशच्या हातात मोबाईल होता. बोलणं शेठच्या कमरेला खोचलेल्या रिव्हॉल्व्हरवरून निघालं.

"घरात बंदूक आली की घरातलंच कोणीतरी जातं, आनंदा," चष्मेवाला पाहुणा म्हणाला. "दारू प्यायल्यावर, नाहीतर पोरांच्या हातात. मला विचारशील तर कुणालाच देऊ नये. पोलिसांकडे असते, बास."

"पोलीस यायला अर्धा तास," शेठ म्हणाला. "तवर काय हात जोडून बसू?"

"काका, सेल्फ डिफेन्स आपला हक्क आहे," भावेश म्हणाला. "चोर लायसन काढून येत नाही. कायदा फक्त सरळ माणसाला अडवतो."

"बरोबर. पण डिफेन्स कुणापासून? आतापर्यंत तुमच्या घरात कोण शिरलंय, सांग."

"मंग हा कोण?" शेठने जाळाकडे बोट केलं. "हाच तो. ह्याच्या नावावर मिलालीय. बुध्या, इकडं ये. दाखव साहेबांना, कसा उगारलेलास."

"शेठ, मडकं जलंल."

"जलू दे. उगार."

बुधाने आकडीतून कोयता काढला आणि खांद्यापर्यंत नेला, फांदी तोडायला नेतात तसा.

"असा काय? नीट उगार. डोले मोठे कर. बोल, तुला सोडनार नाय."

"तुमाला सोडनार नाय," बुधा म्हणाला.

पाहुणे हसले. भावेशने मोबाईल धरला होता. "परत, परत. जोरात. थोडा पुढे ये."

बुधा एक पाऊल पुढे आला. त्याने कोयता डोक्यावर नेला, डोळे मोठे केले आणि तेच वाक्य जोरात म्हटलं. शेठ खुर्चीतून उठला. कोंबडीचा मसाला लागलेल्या हाताने त्याने शर्ट वर केला, ढेरीखालून रिव्हॉल्व्हर ओढलं आणि बुधाच्या तोंडासमोर धरलं. एक हातभर अंतर होतं. बंदुकीचा घोडा मागे ओढला, तो आवाज पारूला ऐकू आला, सुक्या काटकीवर पाय पडावा तसा. आत गोळ्या होत्या की नव्हत्या ते कुणी बोललं नाही.

कोयता वरच राहिला. बुधाला तो खाली घ्यावा की तसाच धरावा ते समजेना. त्याच्या खाकी हाफपँटवर मध्ये एक गोल काळा झाला, मोठा झाला, मांडीवरून खाली उतरला. थेंब जाळाच्या कडेच्या राखेत पडले.

कुणीतरी म्हणालं, "मडक्यावर पाणी मारायचं राहिलेलं, ते मारलं ह्यानं."

चष्मेवाल्याने "आनंदा, पुरे" म्हटलं, पण तोही हसत होता, हसू दाबत. शेठने हात खाली घेतला, बुधाच्या पाठीवर थाप मारली. मडकं उघडलं तेव्हा खालच्या शेंगा करपल्या होत्या. शेठने कोंबडीची एक तंगडी पानावर घालून बुधाला दिली. "घे. मजाक केला. रागवायचं नाय."

बुधाने ती खाल्ली. ओल्या पँटीत उभा राहून, सगळ्यांसमोर, हाड साफ होईपर्यंत खाल्ली. पारूला शेठची किळस आली, पाहुण्यांच्या तेलकट बोटांची आली, आणि सगळ्यांत शेवटी त्या चावणाऱ्या तोंडाची आली. ही शेवटची किळस तिला सहन होईना. ती पोरीला घेऊन पुढे निघून आली.

घरी येऊन बुधाने पँट धुवून दोरीवर टाकली आणि पारूची जुनी साडी कमरेला गुंडाळून कोपऱ्यात बसला. दुसरी पँट नव्हती. रिया रांगत त्याच्याकडे गेली.

"घे तिला."

"नको. मी घान हाय."

पारूने पोरीला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. पोरीने त्याच्या छातीवरचे केस धरले आणि ओढले.

"का खाल्ली?" पारूने विचारलं.

"नाय खाल्ली असती तर त्याला वाटलं असतं, मना राग आला."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर होता. रेवा वाडीतलीच, करंजाडेच्या सोसायटीत साफसफाईला जायची. तिने लिफ्टमध्ये वॉचमनला तो बघताना पाहिलं. तिने पारूला दाखवला नाही. पारूने मागून घेतला, एकदा बघितला आणि मोबाईल परत दिला.

पुढच्याच आठवड्यात निवडणूक लागली आणि तुळशीराम हवालदार कागद घेऊन वाडीवर आला.

"बुधा, तुझ्यावर चॅप्टर आहे. चांगल्या वागणुकीची हमी लिहून द्यायची. मतदान होईस्तोवर रोज अकराला चौकीवर हजेरी."

"मी काय केलं, साहेब?"

"तक्रार आहे ना तुझ्यावर. नावं काढली सगळ्यांची."

"ती तर शेठला बंदूक पायजे म्हून."

"ते मला सांगू नको," हवालदार म्हणाला. त्याने नजर कागदावरच ठेवली.

चौकी दोन तासांच्या वाटेवर. अकराची सही करून परत येईपर्यंत अर्धा दिवस गेलेला. वालाची तोडणी अंगावर आली होती, कुणी अर्ध्या दिवसाला कामावर घेत नव्हतं. पारू एकटी शेंगा तोडायची, पाठीला पोर बांधून. बोटं काळी पडली, नखांत शेंगांचा चीक बसला. पाचव्या दिवशी ती शेठच्या ओट्यावर गेली.

"तक्रार मागं घ्या, शेठ. हजेरी बंद व्हंल."

शेठ पायावर पाय टाकून कान कोरत होता. "मागं घेतली तर लायसन जातं, पारू. धोकाच नाय तर बंदूक कशाला, असं इचारतील. त्याला चार दिवस चालू दे की. पाय मोकले व्हतील."

"काम जातं."

"काम मी देतो. पन आधी माजं काम. निवडणुकीत सगल्यांच्या बंदुका चौकीत जमा करून घेतात. ज्याला अजून धोका हाय त्याचीच घरी राहते. उद्या बुध्याचा परत जबाब घ्यायचाय, का अजून राग हाय म्हून. भावेशनं व्हिडिओ दिलाय चौकीवर. बुध्यानं नुसतं हो बोलायचं."

"व्हिडिओ?"

"कोयता उगारतो तो. तेवढाच."

पारू उठली. शेठने कानातली काडी शर्टाला पुसली.

चौकीत दुसऱ्या दिवशी सात माणसं झाली. टेबलामागे तुळशीराम हवालदार, कोपऱ्यात एक शिपाई, खुर्च्यांवर शेठ आणि भावेश, भिंतीला बुधा, आणि दारात पारू. तिच्या मागे रेवा, तिने सोसायटीतून खाडा केला होता. रिया झोपली होती.

हवालदाराने आपल्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. बुधाचा आवाज आला, तुमाला सोडनार नाय. मग बंद.

"हे कधीचं?"

"मागच्या पंधरवड्यातलं," भावेश म्हणाला. "पप्पांना घरातून निघायची भीती वाटते, सर."

"काय रे, अजून राग आहे शेठवर? मारणार काय?"

बुधाने शेठकडे बघितलं. शेठ मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. चेहऱ्यावर अजिजी होती. आपल्याच गड्याने आपल्याला मारायचं कबूल करावं म्हणून तो पुढे सरकून बसला होता.

"बोल ना, बुध्या," शेठ म्हणाला. "लाजतोस काय."

बुधाचं तोंड उघडलं. पारूला समजलं, तो हो म्हणणार. तंगडी खाल्ली तसंच हेही खाईल.

"साहेब, व्हिडिओ कापलेला हाय," ती म्हणाली. "पुरा रेवाच्या मोबाईलवर हाय. पुरा बगा."

"पारू," बुधा म्हणाला. तेवढंच. त्याच्या डोळ्यांतली विनवणी शेठला नव्हती, हवालदारालाही नव्हती, तिलाच होती. नको. परत नको.

तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. "लाव ग रेवा."

रेवाने मोबाईल टेबलावर ठेवला. पुन्हा बुधाचा आवाज. मग 'परत, परत, जोरात,' हा भावेशचा आवाज. मग तो काटकीसारखा आवाज. हवालदार पुढे वाकला. हसणं ऐकू आलं, मडक्यावर पाणी मारायचं ते वाक्य ऐकू आलं, पुन्हा हसणं. बुधाने भिंतीकडे तोंड केलं होतं. त्याच्या मानेची हाडं शर्टातून वर आली होती आणि पारूला वाटलं, आपण ह्याला त्या हसण्यासमोर दुसऱ्यांदा उभं केलं. शेठने नाही, आपण.

हवालदाराने मोबाईल उलटा ठेवला. तो पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिला.

"ज्याला जिवाचं भ्याव त्याला बंदूक मिलते ना, साहेब?" पारू म्हणाली. "मग ह्याच्या नावानं अर्ज ल्ह्या. पुरावा तुमी बगितलात."

कोपऱ्यातला शिपाई हसला आणि लगेच थांबला.

"मजाक होता तो," शेठ म्हणाला. "पोपटीतला. तुमी पन येता की पोपटीला, तुळशीराम."

"येतो," हवालदार म्हणाला. "पण हा व्हिडिओ वर पोचला तर मलाच विचारतील, शेठ. गावभर आहे हा. माझ्या पोरीच्या मोबाईलवर पण असेल." त्याने वही ओढली. "बंदूक जमा करा. निकाल लागला की घेऊन जा."

"आन माज्या जिवाचं?"

"माणूस रोज अकराला इथे माझ्यासमोर असतो."

शेठने रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. पोटाच्या घामाने ते ओलं होतं. हवालदाराने ते दोन बोटांनी उचललं, गोळ्या वेगळ्या केल्या, चिठ्ठी बांधली, पावती फाडून दिली. शेठने पावती घडी करून खिशात घातली आणि दारात बुधापाशी थांबला. आवाज चढला नव्हता. मुलाशी बोलावं तसा बोलला.

"निकालानंतर भेटू, बुध्या."

तो गेल्यावर पारू टेबलाशी आली. "साहेब, आईकलंत ना?"

"काय?"

"ते आता बोलले ते."

"मी लिहीत होतो," तुळशीराम हवालदार म्हणाला आणि लिहायला लागला.

वाटेत बुधा तिच्याशी बोलला नाही. घरी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजेरीला निघण्याआधी शेठचा निरोप आला की वाल निघाला की झोपडी आमच्या बांधावरून काढा, पत्रे आमचे आहेत. तेव्हा तो म्हणाला, "कुठं जायचं?"

"करंजाला, दर्याकडं. माज्या भैनीकडं. मासली सुकवायला बायका लागतात. पुरुषांना बोटीवरून टोपल्या उतरायचं काम."

"हजेरी?"

"मतदानापरेंत."

"आन त्याची बंदूक निकालाला मिलते."

"मदी एक रात हाय," पारू म्हणाली.

त्या पंधरा दिवसांत तिने वाल तोडून संपवला, कारण सुरू केलेलं काम अर्धं टाकायचं नव्हतं. बुधा रोज गेला, रोज सही केली. तिच्या हातचं जेवला, पण तिच्याकडे तोंड करून बसला नाही. एकदा फक्त, रियाला अंगावर घेऊन पडल्या पडल्या, म्हणाला, "तू तो नसता दाखवला तर मी हो बोललो असतो."

"म्हून दाखवला."

"ठाव हाय." थोड्या वेळाने म्हणाला, "तरी नको होता दाखवाया."

पारूने गोधडी पोरीच्या अंगावर ओढली. त्याचंही खरं होतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मतमोजणी सुरू झाली तेव्हा त्यांचं गाठोडं बांधून झालं होतं. दोन पातेली, तवा, गोधडी, पोरीची झोळी. वेणूकाकी मागच्या वाटेने आली, एक जुनी साडी पारूच्या हातात कोंबून काही न बोलता परत गेली. साडीला तेलाचा वास होता. पारूने ती बांधावरच्या शेराच्या कुंपणावर टाकली आणि चालायला लागली.

जासईच्या बाजूची गाडी मिळेपर्यंत रस्त्याने चालायचं होतं. बाजूने कंटेनरच्या गाड्या जात होत्या. बुधाच्या डोक्यावर गाठोडं, हातात रिया. तिला बोलता येत नव्हतं, पण ती प्रत्येक गाडीला हात करत होती. दहाच्या सुमाराला पहिला निकाल लागला असावा. मागून गुलालाने माखलेला टेम्पो आला, हौद्यात पंधरावीस पोरं, ढोल. टेम्पो त्यांच्या पुढे जाऊन थांबला आणि कुणीतरी रस्त्यात सुतळी बॉम्ब ठेवला.

आवाज झाला तेव्हा गाठोडं पडलं. पातेली रस्त्यावर लोळत गेली. बुधा कडेच्या मातीत पालथा पडला होता, दोन्ही कोपर टेकून, पोरगी त्याच्या खाली, त्याचं डोकं तिच्या डोक्यावर. टेम्पोतली पोरं बघत होती. एकाने ओळखलं. "अरे, हा पोपटीवाला," तो ओरडला, आणि हौदाभर हसणं उठलं. दुसरा बॉम्ब लावला तो मुद्दाम जवळ लावला.

पारू धावत जाऊन त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. पोरीला लागलं नव्हतं. तिला वाटलं, बा खेळतो. त्याच्या छातीखालून ती पारूकडे बघत होती आणि प्रत्येक आवाजाला खदखदून हसत होती. दोन दात दिसत होते. तिने बापाचा कान धरला होता.

टेम्पो गेला. धूर खाली बसला. पारूने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऊठ. फटाके हायत."

"ठाव हाय," बुधा म्हणाला, आणि उठला नाही.